रानातली सळसळ आणि वाघदेव

शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पाड्यांवर वाघदेव पुजला जातो. असा देव माणसाला सुचला कसा? एक उत्तर असे: रानातल्या सळसळीला वाघ समजून पळालेला माणूस चुकला तरी वाचतो; वारा समजून चुकला तर मरतो. त्यामुळे न दिसणाऱ्या कर्त्याची चाहूल घ्यायची सवय मेंदूत रुजली. देवाची कल्पना तिथूनच आली, असे मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट गथ्री यांनी १९९३ मध्ये मांडले. मला हे अपुरे वाटते. सवय सर्वांत आहे, मग नास्तिक कसे घडतात? संशोधक जोसेफ हेन्रिक यांचे २००९ मधले उत्तर पटते: मूल मोठ्यांचे बोलणे नव्हे, त्यांची झीज पाहते. सारंगखेड्याच्या दत्ताला पायी जाणाऱ्या आईबापांची श्रद्धा मुलांत उतरते. देवासाठी कुणी काहीच सोसत नाही, त्या घरात ती विरते. नास्तिकाला उर्मट किंवा भाविकाला अडाणी म्हणण्याआधी त्याचे बालपण विचारा.