तोल मोजणारा पट्टा

इंदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, महू ओलांडल्यानंतर, मानपूर लागते. अशा गावातील एखादी तिशीतली स्त्री पाण्याचा हंडा आणताना वारंवार भेलकांडू लागली, तर घरची माणसे अशक्तपणा म्हणतात आणि शेजारीपाजारी दृष्ट लागली म्हणतात. पुरुषाच्या बाबतीत दारूचाच संशय घेतला जातो. यामागे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार असू शकेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील या आवरणावर हल्ला चढविते. आवरण झिजले की संदेश मंदावतात वा खंडित होतात. पाऊल कोठे पडले याची वर्दी मेंदूस उशिरा पोचते आणि तोल जातो. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. तो संसर्गजन्य नाही. बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन संसाराच्या काळात, तो प्रकट होतो आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

रुग्णास पाय जुळवून उभे करावयाचे, डोळे मिटावयास सांगावयाचे आणि तो डोलतो किंवा कसे हे पाहावयाचे, ही तोल तपासण्याची जुनी पद्धत. ती आजही उपयोगी आहे. परंतु बोटभर डोलणे अनुभवी डोळ्यासही निसटते. येथे अंगावर धारण करावयाचे संवेदक कामी येतात. काड्यापेटीएवढी ही उपकरणे पट्ट्याने कमरेवर व घोट्यांवर बांधतात. हालचालीचा वेग कसा बदलतो हे त्यांतील एक भाग टिपतो, तर शरीर कोणत्या अंगास किती झुकले वा वळले हे दुसरा. मोबाइल आडवा धरला की त्यावरील चित्रही आडवे होते, ते याच जातीच्या भागांमुळे. रुग्ण काही वेळ स्तब्ध उभा राहतो. मग खुर्चीवरून उठून तीन मीटर चालतो, वळतो व परत येऊन बसतो. घड्याळ केवळ एकूण वेळ सांगते. संवेदक उठणे, चालणे आणि वळणे वेगवेगळे मोजतो.

अमेरिकेतील ऑरेगॉन येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या चालण्याचा वेग निरोगी माणसांइतकाच होता अशा रुग्णांच्या तोलातही संवेदकांना दोष आढळले. दोष असा आरंभीच कळला तर तोलाचे व्यायाम, काठी, न्हाणीघरातील आधाराची दांडी यांची योजना पडझडीपूर्वी करता येते.

मात्र या पट्ट्याकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. तो रोगनिदान करीत नाही. त्यासाठी मज्जाविकारतज्ज्ञाची तपासणी व एमआरआय हवे. तोल जाण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. शिवाय उष्म्याने या रुग्णांचा त्रास तात्पुरता वाढतो. वैशाखात दुपारी घेतलेले मोजमाप आणि पौषातील सकाळचे मोजमाप शेजारी ठेवून प्रकृती खालावली असे ठरविणे चुकीचे होईल. घरी मोबाइलवर मिळालेल्या आकड्यावरून औषधे बंद करणे तर धोक्याचेच.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास राखीव सवलतींचा लाभ मिळू शकतो. कार्यालयाच्या दारातून नीट चालत आलेला अर्जदार तासाभराने पायरीवर अडखळू शकतो, हे संबंधित अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. या रुग्णांसाठी १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया कार्य करीत आहे.

पट्टा उपलब्ध नसेल तेथे एक साधी वही ठेवावी. केव्हा तोल गेला, कोठे, उजेड होता की अंधार, वळताना की उभ्या उभ्या, एवढे घरातील वा शाळेतील कोणीही लिहून ठेवू शकेल. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी.