मातीतला जिवंत कार्बन कसा मोजतात?
पैठणच्या गायरानातली काळी माती हातात घेतली की मुळं दिसतात, किडे दिसतात. जिवाणू आणि बुरशी दिसत नाहीत. मातीतल्या सेंद्रिय कार्बनात त्यांचा वाटा साधारण 1 ते 5 टक्के. तो मोजण्याची आजची रूढ पद्धत इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 1987 मध्ये मांडली. ओलसर माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढून दोन वाटे करायचे. एक वाटा निर्वात डेसिकेटरमध्ये, म्हणजे पंपाने हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात, क्लोरोफॉर्मच्या वाफेत 24 तास ठेवायचा. पंप चालू झाला की बीकरमधलं क्लोरोफॉर्म उकळ्या मारू लागतं. पेशी फुटतात, आतलं द्रव्य सुटतं. मग दोन्ही वाटे पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात अर्धा तास हलवून गाळायचे. दोन्ही द्रावणांतल्या कार्बनाच्या फरकाला 0.45 ने भागायचं, कारण पेशींतला सगळा कार्बन काही बाहेर येत नाही.

खरी कटकट गवताची. त्याची केसाएवढी मुळं चाळणीतूनही निसटतात आणि क्लोरोफॉर्म त्यांनाही सोडत नाही. आकडा उगाच फुगतो. चिमट्याने मुळं वेचत बसणं आलंच. मे महिन्यातली भेगाळलेली माती असेल, तर आधी ओलावा देऊन आठवडाभर मुरू द्यावी.