विलायतेचा करार आणि आमचा सातबारा

सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत. महाडपासून जवळच, सावित्रीच्या काठाला. थंडीत पहाटे कुंडाशी गेलं की पाण्यावर वाफ आणि पलीकडे खाडीवर धुकं. वाफ कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नाही. मी इथलाच. दहावी करून मुंबईला गेलो, क्लिअरिंगच्या धंद्यात चौतीस वर्षं काढली आणि घरी परतलो. आधी इंदिरा डॉक, मग न्हावा शेवा, शेवटची दहा-बारा वर्षं सहारचा एअर कार्गो. लोकांचा माल परदेशी जायला जे कागद लागतात ते बिनचूक करून द्यायचे, हे माझं काम. त्यामुळे पेपरात परदेशाशी कुठल्याशा कराराची बातमी आली की नाक्यावर चहाला बसलेली मंडळी मलाच विचारतात, "तात्या, यात आपल्याला काय?"

मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो, म्हणून हे लिहायला बसलो.

वर्षभराच्या आत दोन मोठ्या बातम्या आल्या. २४ जुलै २०२५ ला इंग्लंडात चेकर्स इथं भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. नरेंद्र मोदी आणि कीर स्टार्मर हजर होते. सह्या केल्या त्या पीयूष गोयल आणि जोनाथन रेनल्ड्स यांनी. पुढे २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पुऱ्या झाल्याचं जाहीर झालं. ती बोलणी २००७ पासूनची. २०१३ ला अडली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली. ब्रिटन संघातच राहिला असता तर हे दोन करार वेगळे झालेच नसते, कारण संघातल्या सगळ्या देशांची बाहेरच्या मालावरची जकात एक आणि व्यापाराची बोलणीही एकत्र. २३ जून २०१६ ला ब्रिटनच्या मतदारांनी ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडायचं ठरवलं. ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी जकातीच्या हिशेबातही वेगळा झाला. भाऊ वेगळा निघाला, चूल वेगळी झाली, की आवतणंही दोन द्यावी लागतात, तसं हे झालं.

नाक्यावर पहिली चर्चा स्कॉचची. ब्रिटनच्या करारात व्हिस्कीवरची जकात १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर यायची आहे. मग पोरांनी विलायती गाड्यांचा विषय काढला. तेवढ्यात घरोघरी दुधाचा रतीब घालणाऱ्या वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तिकडचं दूध-लोणी येणार का हो आता?" ब्रिटनच्या करारात दूधदुभतं आणि सफरचंद भारतानं सवलतीबाहेर ठेवलंय, हे मी त्यांना छातीठोक सांगितलं. त्यांनी कॅन उचलला आणि पुढच्या घरी गेल्या. त्या सगळ्या गर्दीत नेमका प्रश्न त्यांचा एकटीचा होता.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, हापूसची साठ कलमं सांभाळतो. तो म्हणाला, "म्हणजे यंदा आंबा बिनजकात जाणार."

त्याला थांबवावं लागलं. ताज्या आंब्यावर ब्रिटनात जकात नव्हतीच, युरोपातही नव्हती. कराराआधीही ती शून्यच होती. आमचा आंबा अडला होता तो दुसऱ्याच दारात, आणि तो अडलेला मी सहारला उभा राहून पाहिलाय.

२०१३ साली भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली. संघानं ठरवलं, १ मे २०१४ पासून आंबा, कारलं, पडवळ, वांगं आणि अळू बंद. आता आंब्याचं कॅलेंडर बघा. देवगड आधी, मागोमाग रत्नागिरी, आणि आम्ही रायगडवाले शेवटी. आमच्या कलमांचा खरा माल हातात येतो तो मे महिन्यात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सहारला पेट्यांची इतकी झुंबड होती की शिपिंग बिलं करताना मी दोन रात्री घरी गेलो नाही. ३० तारीख उलटली आणि युरोपच्या आंब्याचं काउंटर एकदम रिकामं झालं. गवताचा आणि पिकत्या फळाचा वास मात्र शेडमध्ये आठवडाभर राहिला. दादानं त्या वर्षी शंभर पेट्या बोलून ठेवल्या होत्या. ज्या व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं त्यानं फोन उचलणं बंद केलं.

तिकडेही लोक गप्प बसले नाहीत. भारतीय आंब्याचं युरोपातलं मोठं गिऱ्हाईक ब्रिटनच. लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ, घराणं मूळचं गोव्याचं, हापूसची पेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटवर गेले. दुकानदार ओरडत होते, गिऱ्हाईक हळहळत होतं. पण निर्णय ब्रसेल्सचा, सगळ्या संघासाठी एक. स्वतःच्या देशाच्या दारावरची कडी काढायला ब्रिटनला सगळ्यांना विचारावं लागत होतं. पुढे दोन वर्षांनी लोकांनी मत दिलं त्यामागे कारणं पुष्कळ होती. बाहेरून येणारी माणसं, आपले कायदे आपणच करावेत हा आग्रह. मला मात्र ते भांडण पहिल्यांदा समजलं ते आंब्याच्या पेटीवरून.

आंब्यावरची बंदी उठवायचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला, आणि त्यात मोठा वाटा गरम पाण्याचा. फळमाशीची मादी सालीला बारीक भोक पाडून आत अंडी घालते. फळ वरून निर्मळ दिसतं, आत अळी. ती मारायची तर औषध मारून भागत नाही, फळालाच ऊब द्यावी लागते. वाशीला पणन मंडळाचं केंद्र आहे, तिथं मी हे जवळून पाहिलंय. क्रेटमध्ये आंबे रचतात आणि क्रेट टाकीत उतरवतात. पाणी ४८ अंश, वेळ ६० मिनिटं. एक माणूस सतत आकड्यांवर नजर ठेवून उभा असतो. तापमान उतरलं तर अळी जगते, चढलं तर साल भाजते. मग आंबा थंड करायचा, पंख्याखाली सुकवायचा, डाग बघून निवडायचा आणि माशी शिरणार नाही अशा जाळीबंद खोलीत पेटीत भरायचा. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती काळजीनं म्हणाली, "आंबा उकडतात होय रे?" मी म्हटलं, "आपल्या कुंडात पाय सोडून बसतो ना आपण, तसंच, फक्त मोजून." तिला ते लगेच पटलं.

बागेतही काम वाढलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा दादाच्या कलमांवर टांगलेला असतो. आतल्या गंधाला भुलून नरमाश्या येतात आणि मरतात. निर्यातीसाठी बागेची मँगोनेट या सरकारी यादीवर नोंदणी, फवारणीची वही, मग फायटो. फायटो म्हणजे फळ निरोगी असल्याचा सरकारी दाखला. यातलं एकही पाऊल जकात शून्य झाल्यानं कमी होत नाही. भर एवढीच पडली की आता लंडनच्या पेटीचा नियम लंडन ठरवतं आणि ॲमस्टरडॅमच्या पेटीचा ब्रसेल्स.

ब्रिटिशांना स्वतःलाही हे कागद जड गेले. २४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि संघ यांच्यात करार ठरला तेव्हा मथळा होता तो शून्य जकातीचा. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तीन आठवडे गेले आणि १८ जानेवारी २०२१ ला स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांचे ट्रक लंडनला संसदेजवळ येऊन उभे राहिले. जकात नव्हती, पण प्रत्येक खेपेला आरोग्याचा दाखला, जकातीचं विवरण, तपासणी. ताजी मासळी कागदाची वाट बघत नाही. ती बातमी वाचताना मला आमच्या खाडीवरचे भोई आठवले. ओहोटीला जाळं काढून सकाळच्या बाजाराला महाड गाठायचं, तासाभराचा उशीर झाला की भाव निम्मा. स्कॉटलंडच्या त्या माणसांचा राग मला तिथल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त समजला.

कागदांचा हाच भार आमच्याकडेही आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. युरोपात रसायन विकायचं तर 'रीच' नावाच्या कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, आणि परदेशी कारखान्याला ती करायला तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. ब्रिटन वेगळा झाल्यावर त्यानं स्वतःचं 'रीच' काढलं. म्हणजे पिंप तेच, माल तोच, नोंदणी दोन, प्रतिनिधी दोन, फी दोनदा. मोठा कारखाना हे पेलतो. दहा-पंधरा माणसांचं युनिट दोनातली एक बाजारपेठ सोडून देतं. जकात उतरल्याचा फायदा खराच आहे, मी तो नाकारत नाही. तयार कपड्यांचंच घ्या. ब्रिटनचा सर्वसाधारण दर १२ टक्के आणि बांगलादेशचा कपडा मात्र बिनजकात, अशा शर्यतीत आपला शिवणारा मागे पडत होता. त्याला या करारानं बळ मिळेल. पण एक गोष्ट मनात राहते. रसायनांची निर्यात वाढली तर कारखाने वाढणार, आणि सावित्रीचं पाणी शेवटी आमच्या दारावरून खाली जातं. ब्रिटनच्या करारात पर्यावरणावर वेगळं प्रकरण आहे. ते मी दोनदा वाचलं. खाडीतल्या माणसाला त्याचा आधार कसा घ्यायचा, ते मला त्यात सापडलं नाही.

करार वाचायची माझी रीत मी रायगडाकडून शिकलो. गड आमच्याच तालुक्यात. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील मुंबईहून गडाच्या पायथ्याला पाचाडला येऊन थांबला. शिवाजी महाराज तेव्हा प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. दुभाषी नारायण शेणवी, महाराजांकडून बोलायला निराजीपंत. इंग्रजांनी वीस कलमं आणली होती. राजापूरची वखार लुटली त्याची भरपाई, राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याणला वखारी घालायची मोकळीक, आयात मालावर अडीच टक्के जकात. जवळजवळ सगळं मान्य झालं. अडलं ते नाण्याच्या कलमावर. मुंबईत पाडलेलं इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं, अशी मागणी होती. ऑक्झिंडनच्याच टिपणात उत्तराचा आशय आहे: कोणतंही नाणं चालवायला मनाई नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणं घ्यायची तिच्यावर सक्ती करता येणार नाही, कसाला आणि वजनाला मुघलांच्या नाण्याइतकं उतरलं तर खुशाल चालू दे. ६ जूनला राज्याभिषेक व्हायचा होता, दरबारची घाई केवढी असेल, आणि त्या धामधुमीतही बाजारात नाणं हातात घेणाऱ्या माणसाचा विचार झाला. मी पाचाडला जातो तेव्हा मला नेहमी ते कलम आठवतं. आजही कराराचा गोषवारा हातात आला की प्रत्येक ओळीला मी तेच विचारतो: यात हातोहात तोटा कोणाला बसेल, आणि त्याला कोणी विचारलंय का?

माझा पुतण्या इंग्लंडात आहे. कंपनीनं पाठवलेला, दोन वर्षांसाठी. ब्रिटनच्या कराराबरोबर असं ठरलंय की तात्पुरत्या कामावर गेलेल्या माणसानं आणि त्याच्या कंपनीनं ठरावीक मुदतीपर्यंत तिथल्या सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरायचा नाही. इथला प्रॉव्हिडंट फंड चालू राहील. इकडे आनंद, तर तिकडे विरोधी पक्षानं ओरड केली की भारतीय मजूर स्वस्त पडेल. अशी सोय ब्रिटननं इतर बऱ्याच देशांशी आधीपासून केलेली आहे. पुतण्या म्हणाला, "काका, ऑफिसात एकानं विचारलं मला, तू माझ्यापेक्षा कमी भरणार का म्हणून. मी त्याला माझी स्लिप दाखवली, कापलेला पीएफ दाखवला." मला त्याचं कौतुक वाटलं. दोन्ही बाजूंना भीती आहे आणि ती समोर कागद ठेवूनच कमी होते.

मागच्या आठवड्यात दादा मँगोनेटचा अर्ज घेऊन आला. यंदा त्याला पुन्हा बाहेर माल पाठवायचाय. ओटीवर बसून आम्ही रकाने भरले. बागेचा गट नंबर, कलमांची संख्या, लागवडीचं साल. मग सातबारा काढला. जमीन आजोबांची, आजवर वाटणी नाही. नावं चौदा. त्यातले चौघे मुंबईला, दोघी सासरी, एक बडोद्याला. सगळ्यांचं संमतीपत्र जोडायला सांगितलंय. मी एकेका नावापुढे पेन्सिलीनं फोन नंबर लिहीत गेलो. माझा थोरला भाऊ वारल्यावर त्याच्या जागी वारस म्हणून पुतण्याचं नाव लागलंय, ते तेरावं.

दादानं घड्याळ बघितलं आणि विचारलं, "तिकडे आता किती वाजले असतील रे?"