भोकांची लिपी

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. रसायनं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग यांचे कारखाने इथे जास्त. टॉवेल-चादरींचा मोठा पसारा शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आहे. तरी कापडाचे काही कारखाने चिंचोळीतही आहेत, आणि त्यांपैकी एकानं मला गेल्या वर्षी संगणक दुरुस्तीसाठी बोलावलं होतं.

संगणक तासाभरात सुरू झाला. अडचण पुढेच होती. जॅकार्ड मागांची नक्षी ज्या सॉफ्टवेअरवर काढली जायची, ते चालायला एक छोटं कुलूप (त्याला डोंगल म्हणतात) संगणकाला जोडलेलं असावं लागे. ते डोंगल जळलं होतं. विकणाऱ्या कंपनीनं ती आवृत्ती केव्हाच बंद केली होती. नवं सॉफ्टवेअर घ्या, पण जुन्या फायली त्यात उघडतील याची खात्री नाही, असं उत्तर आलं. अकरा वर्षांची नक्षी पडद्यावर नावानिशी, तारखेनिशी दिसत होती आणि एकही फाइल उघडत नव्हती.

मी हात टेकल्यावर तिथले वयस्क डिझाइन मास्तर मला गोदामात घेऊन गेले. दोरीनं एकमेकांना बांधलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांच्या थप्प्या तिथे पडल्या होत्या. एक माळ उजेडाकडे धरून ते म्हणाले, "सर, हा मोर हाय. पिसारा इथनं सुरू होतो बघा."

तो मोर मला दिसला नाही, पण त्यांना दिसत होता. याचं कारण समजायला जॅकार्डची रीत पाहावी लागते. कापडात उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यामधून जातो. प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलले जातात, त्यावर नक्षी ठरते. साध्या रीतीत एका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांची ही लिपी. ती ज्याला येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

लियोंच्या जोसेफ मारी जॅकार्डनं हे यंत्र 1804 च्या सुमारास पूर्णत्वाला नेलं. 'पूर्णत्वाला नेलं' असं मुद्दाम म्हणतो, कारण त्याआधी बुशों, फाल्कों आणि वोकांसों यांनी भोकांच्या कागदावर, कार्डांवर प्रयोग केले होते. 1806 साली फ्रेंच सरकारनं हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केलं. जॅकार्डला निवृत्तिवेतन मिळालं आणि बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कमही. म्हणजे कर्ता उपाशी राहिला नाही आणि यंत्र कुणा एकाच्या मुठीत गेलं नाही. सॉफ्टवेअरच्या वादात 'लेखकाचं पोट' आणि 'सर्वांचा हक्क' यांना एकमेकांचे वैरी ठरवलं जातं, तेव्हा मला हा निर्णय हटकून आठवतो. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी हीच कार्डं उचलली. सुमारे चोवीस हजार कार्डांवरून रेशमात विणलेलं जॅकार्डचं चित्र त्याच्या संग्रही होतं.

योगायोग असा की सॉफ्टवेअरच्या चोरीचा पहिला गाजलेला तंटाही भोकांवरूनच झाला. 1970 च्या दशकाच्या मध्यावर 'अल्टेअर' या छोट्या संगणकासाठी बिल गेट्स आणि सहकाऱ्यांनी 'बेसिक' लिहिलं. ते भोकं पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी त्या फितीच्या नकला वाटल्या. 1976 च्या फेब्रुवारीत गेट्सनं त्यांना खुलं पत्र लिहून ही चोरी आहे असं सुनावलं. मेहनतीचा मोबदला मिळाला नाही तर चांगलं सॉफ्टवेअर लिहील कोण, हा त्याचा प्रश्न. तो चुकीचा नव्हता.

दुसऱ्या बाजूची कथा एका छपाईयंत्राची. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की सगळ्यांना कळवण्याची सोय रिचर्ड स्टॉलमनला करायची होती. आधीच्या प्रिंटरसाठी त्यानं ती केलीही होती. या वेळी मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता, त्यानं गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवलं. 1983 मध्ये स्टॉलमननं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये 'जीपीएल' परवाना आला: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र बदलून वाटाल तर पुढच्यालाही हेच हक्क द्या. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सचं 'लिनक्स' आलं आणि पुढच्याच वर्षी त्यानं हा परवाना स्वीकारला.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दानं फार घोळ घातला. मराठीचं बरं आहे. आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊनही विकता येतं. उलट बाजारातून आणलेलं चोरीचं सॉफ्टवेअर फुकट असतं, पण मुक्त मुळीच नसतं. ते उघडून पाहता येत नाही, सुधारता येत नाही. हात मात्र त्यावरच बसतो, फायली त्याच्याच साच्यात साठतात. 1998 साली गेट्सनंच चीनमधल्या चोरीबद्दल बोलताना म्हटलं होतं की चोरायचंच असेल तर त्यांनी आमचंच चोरावं. एकदा सवय लागली की वसुलीची वाट पुढे सापडतेच. चोरीनं मक्तेदारीचं नुकसान होतं असं समजणाऱ्यांनी हे विधान नीट पाहावं.

त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. त्यात न्यायालयानं मांडलेली एक गोष्ट फार उपयोगी आहे. ज्या प्रणालीवर जास्त लोक, तिच्यासाठी जास्त प्रोग्राम लिहिले जातात. आणि जास्त प्रोग्राम म्हणून पुन्हा लोक तिथेच येतात. नव्याला या चक्रात शिरायला फटच राहत नाही. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा 2000 सालचा आदेश पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला, पण तिनं मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली हा निष्कर्ष कायम राहिला.

साहित्याच्या वाचकांना एक गंमत सांगायला हवी. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम 1984 च्या दुरुस्तीनं आला तो 'साहित्यकृती' म्हणून, कवितेच्या आणि कादंबरीच्या पंगतीत. फरक एवढाच की कादंबरी विकत घेतली तर वाचता येते.

आणि अशी कुलपं फक्त कारखान्यातच असतात असंही नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये जुळवला जाई, त्यांतल्या बहुतेकांची अक्षररचना ज्याची त्याची असे. तो फॉन्ट नसला की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण छपाईच्या कामात ती रुळायला फार वर्षं गेली. आज मुंबईच्या 'एक टाइप' गटाचा 'मुक्त' फॉन्ट कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. मजकूर एका फॉन्टचा ओलीस नसला की पानही उद्या वाचता येतं.

जॅकार्डच्या बाबतीत मात्र हात राखून बोलतो. मागाच्या नियंत्रकाशी थेट बोलणारं, टॉवेलच्या सगळ्या गरजा भागवणारं मुक्त सॉफ्टवेअर मी त्या कारखान्याला देऊ शकलो नाही. मोजक्याच गिऱ्हाइकांसाठी कोणीतरी वर्षानुवर्षं लिहायचं, तर त्याला पैसे मिळायलाच हवेत. मालकांनी दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, तेही डोंगलचंच. फक्त खरेदीच्या कागदावर या वेळी एक ओळ घालून घेतली: प्रत्येक नक्षी साध्या बिटमॅप चित्रातही साठवता आली पाहिजे. त्यात एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. काळा असेल तर धागा वर, पांढरा असेल तर खाली. ते चित्र 'गिंप'सारख्या मुक्त प्रोग्राममध्येही उघडतं.

अडकलेल्या फायली अजून तशाच आहेत. ज्या नक्ष्यांना मागणी आहे, त्यांचे जुने टॉवेल मास्तर समोर घेऊन बसतात, भिंगातून धागे मोजतात आणि शेजारचा मुलगा पडद्यावर चौकोन काळे करत जातो. मोराचं काम त्यांनी कार्डांवरून केलं. ते चार दिवसांत झालं.