काश्मिरी गेटचे पाहुणे, फिनिक्सचे घर

दिल्लीला चार दिवस गेलेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, चांदणी चौकातली खरेदी आणि मुलांचे पाय शिल्लक असतील तर लोटस टेंपल. काश्मिरी गेटला मुद्दाम कोणी जात नाही. हरिद्वारची किंवा सिमल्याची बस पकडायची असेल तरच तिकडे वळायचे आणि सामान सांभाळत घाईने निघून जायचे. पण त्या बसस्थानकाच्या गलक्यातून बाहेर पडून थोडे आत गेले की सेंट जेम्स चर्चचा घुमट दिसतो आणि त्याच परिसरात एक जुनी, कमानींची देखणी इमारत लागते. आज तिथे दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. 1941 पर्यंत तिथे सेंट स्टीफन्स कॉलेज भरत असे.

या कॉलेजातला एक मिशनरी प्राध्यापक 1913 साली आफ्रिकेला निघाला. दिल्लीत त्याला घरच्यासारखे एक कुटुंब लाभले होते आणि आफ्रिकेत आणखी एक कुटुंब त्याची वाट पाहत होते. त्याचे नाव चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज. दक्षिण दिल्लीतल्या अँड्र्यूज गंज या वसाहतीला नाव मिळाले ते याच अँड्र्यूज यांचे.

रुद्रांच्या घरचा चार्ली

अँड्र्यूज मूळचे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे, जन्म 1871 चा. चौदा भावंडांचे खटले, वडील धर्मोपदेशक. आईच्या नावावर थोडाफार पैसा होता, तो ज्या स्नेह्याच्या भरवशावर ठेवला होता त्यानेच बुडवला. त्या रात्री वडिलांनी काय केले असेल? ज्याने बुडवले त्याच्यासाठीच प्रार्थना केली! लहानग्या चार्लीच्या मनावर ही गोष्ट कायमची कोरली गेली.

केंब्रिजमध्ये शिक्षण संपवून केंब्रिज मिशनतर्फे ते 20 मार्च 1904 रोजी भारतात पोचले. हा दिवस ते पुढे आपला 'भारतीय जन्मदिवस' म्हणून पाळत. कॉलेजात त्यांना भेटले सुशीलकुमार रुद्र. रुद्र बंगाली ख्रिस्ती, वयाने दहा वर्षांनी वडील. पत्नी लवकर वारलेली, मुले आईविना वाढत असलेली. अँड्र्यूज यांनी लग्न केलेच नव्हते. रुद्रांच्या घरात ते असे मिसळून गेले की जेवण, गप्पा, मुलांचे अभ्यास, उन्हाळ्यातली सिमल्याकडची सुट्टी, सारे एकत्रच होऊ लागले. गोऱ्या साहेबाने 'नेटिव्हा'च्या घरी असे राहणे त्या काळी अनेक साहेबांना खटकत असे. अँड्र्यूज यांनी त्याची फिकीर केली नाही. प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा ते भारतीय माणसालाच मिळाले पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला आणि 1906 साली रुद्र कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. हाताखाली इंग्रज प्राध्यापक आणि वर भारतीय प्राचार्य, हे दृश्य त्या वेळच्या हिंदुस्थानात अगदीच विरळा होते.

गोखल्यांचा निरोप

आफ्रिकेचा धागा जुळला तो मात्र आपल्या पुण्याच्या माणसामुळे, गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे.

गोखले स्वतः 1912 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले होते. गांधीजींनी तेव्हा त्यांच्या कपड्यालत्त्यापासून भाषणांपर्यंत सारे स्वतः पाहिले. गोखल्यांपाशी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते फार जपून, मोठ्या प्रसंगीच ते वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना त्याला चुण्या पडलेल्या दिसल्या आणि धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. आपण इस्त्री करतो असे गांधीजी म्हणाले तेव्हा गोखले बिचकले. तुमच्या वकिलीवर विश्वास ठेवीन, पण धोबीकामावर नाही, अशा अर्थाचे काही तरी ते बोलले. शेवटी इस्त्री झाली आणि पसंतही पडली.

दुसरा प्रसंग भाषेचा. जोहान्सबर्गला काही कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू राहत होते. गोखल्यांनी मराठीत बोलावे अशी त्यांची इच्छा होती. गांधीजी म्हणाले, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. गोखल्यांना हसू आवरेना. गांधीजींचे हिंदुस्थानी कसे होते ते त्यांनी ऐकले होते, आणि मराठीचे ज्ञान तर विचारायलाच नको! तरी ते बोलले, आणि मग परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत भारतीयांच्या सभांत हीच जोडगोळी चालली. ज्यांचे आयुष्य कौन्सिलातल्या नेमक्या इंग्रजी भाषणांत गेले, त्या गोखल्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मराठीत सभा गाजवाव्यात, ही मोठी गंमतच.

पण गोखले परतले आणि तिकडचे प्रकरण चिघळले. मजुरीचा करार संपवून नाताळ प्रांतात राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक भारतीयावर वर्षाला 3 पौंडांचा कर होता. बायकांवर आणि मोठ्या मुलांवरही तो होताच. मजुराला महिन्याला मिळत जेमतेम 14 शिलिंग, आणि पौंड म्हणजे 20 शिलिंग! नवरा-बायको आणि दोन मोठी मुले असली तर 12 पौंड आणायचे कुठून? त्यात 1913 च्या मार्चमध्ये केपच्या न्यायालयाने निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने कायद्याला मान्य नाहीत. म्हणजे कालपर्यंत लग्नाची असलेली बायको एका कागदाने परकी ठरली. कस्तुरबांसकट कितीतरी बायका त्यावर घराबाहेर पडल्या आणि तुरुंगात गेल्या. तिकडच्या न्यूकॅसल गावच्या कोळसाखाणीतले मजूर बायकांच्या सांगण्यावरून संपावर गेले. (अँड्र्यूज यांच्या जन्मगावाचे नाव आणि हे नाव एकच, हा योगायोग.) 6 नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून निघालेल्या मोर्चात 2037 पुरुष, 127 बायका आणि 57 मुले होती.

गोखले मधुमेहाने खंगलेले असूनही निधीसाठी देशभर हिंडत होते. अँड्र्यूज यांनी स्वतःजवळची होती नव्हती ती सारी शिल्लक त्यांच्या हवाली केली. गोखल्यांना पैसा हवाच होता, पण तिकडे प्रत्यक्ष जाऊन दोन्ही बाजूंशी बोलू शकेल असा माणूसही हवा होता. सरकारला इंग्रजाशी बोलणे सोपे जाईल आणि गांधीजींनाही ज्याचा भरवसा वाटेल, असा कोण? गोखल्यांनी अँड्र्यूज यांना विचारले.

अँड्र्यूज यांच्यापुढे पेच होता. इंग्लंडमध्ये आई आजारी होती, वय झालेले होते. तिला भेटायला जायचे मनात होते. पण आधी आफ्रिका आणि मग तिथूनच आईकडे, असे त्यांनी ठरवले. सोबतीला आला विली पिअर्सन. हाही पूर्वीचा मिशनरी, तेव्हा दिल्लीतच लाला सुलतानसिंग यांच्या मुलाला शिकवत होता. कलकत्त्याहून बोट सुटली आणि नाताळ समुद्रावरच गेला.

धक्क्यावरचा नमस्कार

1914 च्या जानेवारीच्या आरंभी बोट डर्बनला लागली. धक्क्यावर हेन्री पोलाक उभे होते. अँड्र्यूज त्यांना आधीपासून ओळखत. गांधी कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. पोलाकांनी शेजारच्या किरकोळ माणसाकडे बोट दाखवले. डोके भादरलेले, अंगावर मजुरासारखे जाडेभरडे पांढरे कपडे. संपात गोळीबाराला बळी पडलेल्या मजुरांसाठी गांधीजींनी हा सुतकाचा वेष घेतला होता. तुरुंगातून सुटून त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते.

अँड्र्यूज वाकले आणि त्यांनी गांधीजींच्या पायांना हात लावला.

आपल्याकडे वडीलधाऱ्याच्या पाया पडण्यात विशेष काही नाही. पण गोऱ्या पाद्र्याने, भर धक्क्यावर, एका 'कुली बॅरिस्टर'चे पाय शिवावेत? डर्बनच्या गोऱ्या वस्तीत गहजब झाला. आमच्या नाताळात असले चालत नाही, असे त्यांना तोंडावर सुनावण्यात आले. गमतीची गोष्ट अशी की अँड्र्यूज गांधीजींपेक्षा सव्वा वर्षाने लहान होते, तेव्हा रीतीप्रमाणे नमस्कार बरोबरच होता! थोड्याच दिवसांत दोघांत 'मोहन' आणि 'चार्ली' सुरू झाले. गांधीजींना नुसत्या नावाने हाक मारणारी माणसे पुढच्या आयुष्यात बोटांवर मोजण्याइतकीच राहिली, त्यांत हा चार्ली होता.

पाहुण्यांचा मुक्काम फिनिक्सला झाला. डर्बनपासून सुमारे 14 मैलांवर शंभर एकर जागा, पत्र्याची घरे, फळबागा, छापखाना. 1904 पासून गांधी कुटुंब आणि त्यांचे सोबती तिथे राहत. चमचमीत पाहुणचाराची अपेक्षा करणाऱ्याची इथे निराशाच झाली असती. घरी दळलेल्या पिठाची भाकर-पाव, फळे, साधी भाजी. संध्याकाळी मुले गांधीजींच्या भोवती जमत, आजारी मूल त्यांच्या मांडीवर असे. तिथेच एखादी झुलू मुलगी बसलेली, शेजारी जर्मन ज्यू वास्तुतज्ज्ञ कॅलनबाख. दिल्लीत रुद्रांच्या ताटाला ताट लावून जेवणाऱ्या अँड्र्यूज यांना या पंगतीत परके वाटण्याचे कारण नव्हते.

बाहेरचे जग मात्र निराळे होते. डर्बनच्या एका चर्चमध्ये अँड्र्यूज यांचे प्रवचन झाले. ते ऐकायला गांधीजी गेले, तर त्यांना दारातूनच परत पाठवले गेले. अँड्र्यूज यांना हे नंतर पिअर्सनकडून कळले. ज्या धर्माचा झगा अंगावर होता त्याच्याच दारात मित्राचा अपमान झालेला. ही जखम त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

आई

पिअर्सन उसाच्या मळ्यांत फिरून मजुरांची हलाखी टिपू लागला आणि अँड्र्यूज गांधीजींबरोबर प्रिटोरियाला गेले. समोर होते जनरल स्मट्स. बोलणी दिवसेंदिवस रेंगाळत होती. अशातच निरोप आला की कस्तुरबांची प्रकृती फार बिघडली आहे. तीन महिन्यांच्या सक्तमजुरीने त्यांची अगदी काडी झाली होती. गांधीजी निघायला तयार होईनात. हजारो लोक ज्यासाठी तुरुंगात गेले तो कागद सहीशिवाय कसा सोडायचा?

अडले होते ते मसुद्यातल्या शब्दांवर. मध्यरात्र उलटून गेल्यावर दोघांना मान्य होईल असा शब्दप्रयोग सुचला. सकाळी अँड्र्यूज एकटेच स्मट्स यांच्याकडे गेले आणि घरी काय परिस्थिती आहे तेही त्यांना सांगितले. स्मट्स यांनी बदल मान्य केला. 21 जानेवारीला तात्पुरत्या समझोत्याची पत्रे झाली आणि गांधीजी गाडीत बसले. कस्तुरबा त्या दुखण्यातून पुढे वाचल्या.

अँड्र्यूज यांची आई मात्र वाचली नाही. त्याच जानेवारीत, ते आफ्रिकेत असतानाच, इंग्लंडहून तिच्या निधनाची तार आली. आधी आफ्रिका, मग आई, असा जो हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता तो असा चुकला. कोणी म्हणेल, त्यांनी आधी घरी जायला हवे होते. असे म्हणणाऱ्याला चूक तरी कसे म्हणावे? परमुलखात, परक्या लोकांत हा घाव सोसताना त्यांना धीर दिला तो कस्तुरबांनी आणि तिथल्या भारतीय बायकांनी. ज्या बायकांसाठी ते आले होते, त्यांनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

21 फेब्रुवारीला केपटाउनहून ते इंग्लंडला निघाले, वडिलांना भेटायला. दुसऱ्याच दिवशी वलिअम्मा ही सोळा वर्षांची सत्याग्रही मुलगी तुरुंगात जडलेल्या तापाने गेली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने 3 पौंडांचा कर रद्द झाला आणि भारतीयांच्या लग्नांना मान्यता मिळाली.

परतभेट

भेट दिली की परतभेट आलीच. गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईला उतरले. पुढच्याच महिन्यात गोखले गेले. एप्रिलमध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याहून गांधीजी आणि कस्तुरबा दिल्लीला आले आणि 12 तारखेला उतरले ते काश्मिरी गेटला, प्राचार्य रुद्रांच्या घरी! आता यजमानपद दिल्लीकडे होते. अँड्र्यूज तोवर मिशन सोडून टागोरांच्या शांतिनिकेतनात गेले होते, पण रुद्रांचे दार त्यांच्यामुळेच उघडले होते.

त्यानंतर दिल्लीला आले की गांधीजींचा मुक्काम रुद्रांकडेच असे. रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाल्यावर मात्र त्यांना संकोच वाटू लागला. रुद्र इंग्रज मिशनच्या कॉलेजचे प्राचार्य, सरकारदरबारी त्यांची ऊठबस. आपल्यामुळे त्यांच्यावर बालंट यायचे. गांधीजींनी तसे बोलूनही दाखवले. रुद्रांनी ते मानले नाही. पाहुणे पूर्वीसारखेच उतरत राहिले. खिलाफतीच्या मागण्यांचे व्हाइसरॉयना पाठवायचे पत्र याच घरात लिहिले गेले आणि मसुद्यावरून शेवटचा हात फिरवायला यजमान रुद्र आणि चार्ली अँड्र्यूज हे दोघे बसले होते. असहकाराची कल्पनाही याच छपराखाली आकाराला आली, असे गांधीजींनीच 1925 साली, रुद्र गेल्यावर, लिहून ठेवले.

पिअर्सन त्याआधीच, 1923 साली, इटलीत गाडीतून पडून वारला होता. अँड्र्यूज 5 एप्रिल 1940 रोजी कलकत्त्यात गेले. फिनिक्सचे पत्र्याचे घर 1985 च्या दंगलीत जळाले. ते पुन्हा जसेच्या तसे उभारून 2000 साली लोकांसाठी खुले करण्यात आले.