चाल मोडू न देणारा डान्सर

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडा चौखूर सुटला की गर्दी उठून उभी राहते. अमेरिकेतल्या हार्नेस शर्यतीत मात्र घोडा उधळला की संपलंच. चालक मागे दोन चाकांच्या हलक्या सल्कीत बसलेला असतो. त्याला लगाम खेचून घोडा पुन्हा चालीवर आणावा लागतो आणि तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात. ट्रॉटर घोडा उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय एकदम टाकतो, मग उरलेली जोडी. पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. वेग कितीही चढला तरी ही चाल मोडता कामा नये. जनावराच्या अंगात ती भिनवायची म्हणजे ट्रेनरला चिकाटी लागते, आणि ती चिकाटी मी स्टॅन्ली डान्सरइतकी क्वचितच कुणात पाहतो.

१९२७ साली न्यू जर्सीत जन्मलेला हा शेतकरी घरातला मुलगा. घोडे तो स्वतःच तयार करी आणि शर्यतीत हाकतही असे. नेव्हेली प्राइड, मोस्ट हॅपी फेला आणि सुपर बोल या तीन घोड्यांनी त्याच्या हाताखाली अनुक्रमे १९६८, १९७० आणि १९७२ साली ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच हंगामातल्या तीन मानाच्या शर्यतींचा मुकुट, मिळवला.

यातला नेव्हेली प्राइड भलताच खुनशी. जवळ जाणाऱ्याला चावायचा, लाथा झाडायचा. त्याच घोड्याने १९६९ साली इंडियानापोलिसला एक मैल १ मिनिट ५४.८ सेकंदांत दुडक्या चालीने पार केला आणि ग्रेहाउंड या घोड्याचा १९३८ पासूनचा विक्रम मोडला. डान्सरने त्याची रग जिरवली नाही, ती चालीत उतरवली, असं मला वाटतं.

पण माझा जीव अडकतो तो कार्डिगन बेमध्ये. न्यूझीलंडचा हा पेसर अपघातात जबर दुखावला होता. त्याचा एक खुबा कायमचा खाली बसला होता. सल्कीत बसणाऱ्याला सगळी शर्यतभर समोर तेच दिसणार! १९६४ साली, आठ वर्षांच्या या घोड्याला डान्सरने अमेरिकेत आणलं. दोन वर्षांनी याँकर्सच्या शर्यतीत कार्डिगन बेने ब्रेट हॅनोव्हरसारख्या बलाढ्य, तरण्या घोड्याला हरवलं. १९६८ साली फ्रीहोल्डला जिंकून दहा लाख डॉलर कमावणारा पहिला हार्नेस घोडा तोच ठरला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्यानंतर त्याला निवृत्त करून न्यूझीलंडला परत पाठवलं.