विकणाऱ्यालाही खुर्ची हवी

कापडाचं दुकान म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे आधी गादी येते. स्वच्छ पांढरी चादर, मागे तक्के, चपला पायरीशी काढलेल्या. आत पाऊल टाकलं की पहिला शब्द 'या, बसा'. गिऱ्हाईक बसायचं, मालक बसलेला असायचाच आणि साडी उलगडून दाखवणारा नोकरही समोर मांडी घालायचा. त्या नोकराचे दिवस फार सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. पगार तुटपुंजा, मालकाची बोलणी वर. पण पाठ टेकायला नाही तरी बूड टेकायला त्याला जागा होती.

आता आमच्या साताऱ्यातही कपडे आणि घरसामान एकाच छपराखाली विकणारं, गावोगावी शाखा असलेलं एक मोठं दुकान सुरू झालंय. सून म्हणाली, "आई, घ्यायचं नसलं तरी बघून येऊ." गेलो. खरं सांगायचं तर दुकान मला आवडलं. खाली कुर्ते, शर्ट, लहान मुलांचे कपडे. वर चादरी, अभ्रे, टॉवेल, पायपुसणी, कपबश्या. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, त्यामुळे घासाघीस नाही. हवं ते हातात घेऊन बघा, नको असेल तर ठेवून द्या. "घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" असं कुणी तोंडावर विचारत नाही. बाईमाणसाला हा मोकळेपणा किती मोलाचा असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

सून कपडे घालून बघत होती, तोवर मी तिथल्या बाकावर टेकले. समोर विशीतली एक मुलगी कुर्त्यांच्या घड्या घालत होती. ती दहा घड्या घाले, गिऱ्हाइकं त्यातल्या आठ विस्कटत. मी म्हटलं, "अगं, बस की दोन मिनिटं." ती हसून म्हणाली, "नाही मावशी, ड्यूटीवर बसायचं नसतं." जेवणाची सुट्टी सोडली, तर सकाळपासून ती उभीच होती.

गादी गेली आणि हे उभं राहणं आलं, ते का?

आपल्याकडे मुंबईत अंधेरीला १९९१ साली 'शॉपर्स स्टॉप' सुरू झालं, १९९८ मध्ये 'वेस्टसाइड' आलं, २००१ मध्ये 'बिग बाजार'. पुढे ही पद्धत जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली. जुन्या दुकानात माल विकणाऱ्याच्या पाठीमागच्या कपाटात असे. तो काढून दाखवेल तेच आपण बघायचो. नव्या दुकानात माल आपल्या हाताशी आला आणि विकणाऱ्याची जागाच गेली. त्याचं काम आता दाखवण्याचं कमी. घड्या घालण्याचं, रिकामे हँगर भरण्याचं आणि लक्ष ठेवण्याचं जास्त. ही कामं फिरती. मग बसलेला माणूस म्हणजे कामचुकार, असं समीकरण झालं. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, कारण उभं राहणं म्हणजे तत्पर दिसणं.

शरीराला मात्र ही शिस्त मानवत नाही. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. तासन् तास एका जागी उभं राहिलं की हे ढकलणं मंदावतं आणि रक्त खाली साचू लागतं. संध्याकाळी पाय सुजतात, टाचा आणि कंबर दुखते. वर्षानुवर्षं असं चाललं तर पायाच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होऊ शकतात.

हा प्रश्न नवा नाही. ब्रिटनमध्ये १८९९ सालीच दुकानात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी, तिघींमागे एक आसन ठेवण्याचा कायदा झाला. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही उभ्यानं काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्या, असं कलम होतं. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे!

ही उणीव भरून काढायला झगडल्या त्या केरळमधल्या कापडदुकानांतल्या बायका. कोळिकोडला विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी 'पेणकूट्ट' ही संघटना उभी केली. आधी भांडण स्वच्छतागृहासाठी होतं, कारण ते नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत. मग बसण्याच्या हक्काची मागणी आली. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात हा हक्क घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. संसदेनं २०२० साली मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

म्हणजे कायदा पुस्तकात आला. दुकानात तो यायचा तर आपणही थोडा हात लावायला हवा. विस्कटलेला कपडा निदान बरा गुंडाळून ठेवावा. विक्रेती बसलेली दिसली तर 'हिला काही काम नाही' असं मनात आणू नये. आणि पैसे देताना मॅनेजरला सहज विचारावं, "तुमच्या मुलींना बसायला स्टूल नाही का हो?" एकानं विचारलं तर तो हसेल. दहा जणांनी विचारलं तर वरच्या साहेबांना कळवील. गिऱ्हाइकाला चांगलं वाटावं म्हणूनच तर या मुलींना उभं ठेवतात. त्या बसल्या तर आपल्याला चांगलंच वाटेल, हे दुकानदाराला आपणच सांगायला हवं.